आपटा, कांचन आणि ‘जात’ नावाचा प्रश्न



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मयावर, नाटकावर, इतिहासावर मोठ्या अभ्यासकांनी व्याख्याने दिली आहेत. मी साबुदाण्याएवढ्या गोळ्या देणारा डॉक्टर. साहित्याच्या व्यासपीठावर झाडपाल्याबद्दल बोलायचे म्हणजे धाडसच आहे. पण विषय मी शोधला नाही, तो आपल्याच अंगणात उगवला.

आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल, काही वर्षांपूर्वी मंडळाच्या आवारात आपण आपट्याचे रोप लावले होते. दर दसऱ्याला न्यू मार्केटमधून सोन्याच्या जुड्या विकत आणण्याऐवजी आपल्याच झाडाची चार पाने घ्यावीत, हा हेतू. रोप एका नर्सरीतून आणले, नारळ फोडला, फोटो काढला. झाड जोमाने वाढले. तीन दसरे आपण त्याची पाने एकमेकांच्या हातावर ठेवून ‘सोने घ्या, सोन्यासारखे राहा’ म्हटले. पाचव्या वर्षी फेब्रुवारीत त्याची बरीचशी पाने गळाली आणि फांद्यांवर हाताच्या पंजाएवढी गुलाबी-जांभळी फुले उमलली. आमच्या शेजारच्या हिंदीभाषक काकू भिंतीपलीकडून म्हणाल्या, “भैया, कचनार बहुत अच्छा आया है, कलियाँ हमें भी देना, सब्ज़ी बनाएँगे।”

तो कांचन होता. तीन वर्षे आपण सोने म्हणून कांचन वाटत होतो. कोणी हसले, कोणी म्हणाले, “कांचन म्हणजे तरी काय, सोनेच की!” शब्दकोशाच्या दृष्टीने ते खरे आहे. पण मला त्या दिवशी जुनी टोचणी पुन्हा जाणवली, कारण अशीच एक चूक माझ्या दवाखान्यात मी केली होती. ती पुढे सांगतो. आधी आपटा आणि कांचन वेगळे कसे ओळखायचे ते पाहू, आणि मग त्यामागचा मोठा प्रश्न पाहू: दोन झाडे ‘वेगळ्या जातीची’ आहेत असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणतो?

एका पानाची अनेक झाडे

मधोमध चिरलेले, दोन पाकळ्यांचे पान दिसले की आपण ‘आपटा’ म्हणून मोकळे होतो. असे पान असणारी झाडे पुष्कळ आहेत. त्यांतील बरीचशी ‘बॉहिनिया’ या वंशात मोडतात. हे नाव योहान आणि कास्पार बॉहिन या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांवरून आले. एकाच देठावर जुळलेली दोन दले म्हणजे जणू दोन सख्खे भाऊ, असा त्यात अर्थ आहे. शास्त्रज्ञही कधीकधी कवी असतात ते असे.

आपल्या भोपाळच्या परिसरात या घराण्यातली चार मंडळी सहज भेटतात.

पहिला खरा आपटा, बॉहिनिया रेसिमोजा. हे लहानखुरे, वेडेवाकडे, झुकलेल्या फांद्यांचे झाड. साल काळपट आणि खडबडीत. पान लहान, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, जाड, हाताला चामड्यासारखे लागणारे. खालची बाजू फिकट राखाडी आणि लवदार. फुले उन्हाळ्यात येतात, पण ती इतकी बारीक आणि फिकट पिवळसर की बहुतेकांनी ती पाहिलेलीच नसतात. एका फुलात पुंकेसर दहा. शेंगा जाड असतात आणि महिनोन्‌महिने झाडावर लटकत राहतात. सालीच्या तंतूंचे दोर वळत, पाने विडीसाठीही वापरत.

दुसरा कांचन, म्हणजे इथल्या लोकांचा कचनार, बॉहिनिया व्हेरिएगाटा. पान आपट्याच्या दुप्पट-तिप्पट मोठे आणि पातळ. फुले वसंतात, मोठी, गुलाबी-जांभळी किंवा पांढरी, बहुधा झाडावर पाने कमी असताना. पुंकेसर पाच. ज्याच्या कळ्यांची भाजी भोपाळच्या घराघरांत होते तो हाच.

तिसरा देवकांचन, बॉहिनिया पर्प्युरिया. पानावरून याला कांचनापासून वेगळे काढणे कठीण. फार तर त्याची चीर थोडी अधिक खोल, एवढेच. पण हा फुलतो पावसाळा संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास. पाकळ्या अरुंद, एकमेकींपासून सुट्या, आणि पुंकेसर बहुधा तीन.

चौथी माहुल. पचमढीच्या सहलीत आपण पाहिली असेल. ही प्रचंड वेल आहे, साल-सागाच्या डोक्यावर चढणारी. पान तसेच दुभंगलेले, पण ताटाएवढे. पत्रावळी आणि द्रोण याचेच करतात. पूर्वी हिला बॉहिनियातच धरत. आता तज्ज्ञ तिला ‘फनेरा’ या वेगळ्या वंशात ठेवतात.

यातून पहिला धडा मिळतो: केवळ पानाच्या आकारावर विसंबू नये. पान ऊन-सावली, पाणी, झाडाचे वय यांप्रमाणे बदलते. एकाच आपट्याच्या खोडातून फुटलेल्या कोवळ्या धुमाऱ्यावरची पाने इतकी मोठी असतात की ती कांचनाची वाटावीत. फूल त्या मानाने कमी बदलते. दहा, पाच, तीन हे पुंकेसरांचे आकडे लक्षात ठेवले की आपटा, कांचन आणि देवकांचन यांत गोंधळ होत नाही. अडचण अशी की दसऱ्याला आपट्याला फूल नसते. तेव्हा पानाची जाडी, लहान आकार आणि खालची राखाडी लव पाहावी.

नावाने केलेला घोटाळा

आता माझी चूक सांगतो. साधारण तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळखीतल्या एक ताई, पंचेचाळिशीच्या पुढच्या, माझ्याकडे मुलाच्या खोकल्याचे औषध न्यायला आल्या. जाता जाता त्यांनी विचारले, “डॉक्टर, पाळीचा त्रास फार वाढलाय. अशोकाच्या सालीचा काढा घेतला तर चालेल का?” बाहेर रुग्णांची रांग होती. अशोकाची साल स्त्रियांच्या तक्रारींवर आयुर्वेदात प्रसिद्ध आहे. आमच्या होमिओपॅथीतही तिच्यापासून केलेले औषध आहे. मी म्हणालो, “चालेल की, जुने औषध आहे.” एवढेच. ना तपासले, ना आणखी काही विचारले.

चार महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, तेव्हा त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा होता. जिना चढताना धाप लागत होती. हिमोग्लोबिन सहाच्याही खाली गेलेले. रोज नेमाने काढा घेत होत्या. मी साल मागवली, तिच्यासोबत त्या झाडाची डहाळीही आली. लांब, भाल्यासारखी, कडा लहरदार असलेली पाने. आपल्या वसाहतींच्या रस्त्यांकडेला सरळ खांबासारखी ओळीने उभी असतात, लग्नात तोरणाला आपण ज्यांची पाने बांधतो, ती झाडे. इथे सगळे त्यांना अशोकच म्हणतात. मराठीत त्याला आसुपालव किंवा खोटा अशोक म्हणतात. पॉलिआल्थिया लॉन्गिफोलिया या नावाने ते ओळखले जाई, आता वंशाचे नाव ‘मोनून’ झाले आहे. ते सीताफळाच्या कुलातले आहे.

औषधातला अशोक तो नव्हे. तो सीता-अशोक, साराका असोका. मध्यम उंचीचा, डेरेदार, एका देठावर पानांच्या चार-सहा जोड्या असलेला, कोवळी पाने तांबूस आणि लोंबती, वसंतात नारिंगी-लाल फुलांचे गुच्छ थेट फांद्यांवर धरणारा. तो शेंगांच्या कुलातला आहे. म्हणजे गंमत अशी की नाव एक असूनही हे दोन अशोक एकमेकांचे दूरचेसुद्धा नातलग नाहीत, आणि सीता-अशोक हा नात्याने आपल्या आपट्याला जवळचा आहे!

त्या ताईंना मी त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. गर्भाशयात मोठी गाठ होती. रक्त चढवून शस्त्रक्रिया झाली, त्या बऱ्या झाल्या. आजही दिवाळीला फराळ पाठवतात आणि मला अधिकच ओशाळायला होते. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. खरा अशोक असता तरी ती गाठ विरली नसती. नुकसान केले ते चार महिन्यांच्या उशिराने. पण त्या उशिराला आधार दिला तो माझ्या बेफिकीर ‘चालेल’ने आणि एका ढिल्या नावाने. ‘कोणता अशोक?’ एवढा प्रश्न मी विचारला असता, तर ‘कोणता त्रास?’ हा प्रश्नही ओघाने आला असता.

याच अशोकाच्या शास्त्रीय नावाचीही एक कथा आहे. विल्यम रॉक्सबर्गने विल्यम जोन्स या संस्कृतज्ञाच्या सन्मानार्थ त्याला ‘जोनेसिया असोका’ नाव दिले. आमच्या औषधांच्या बाटल्यांवर त्याचे ‘जेनोसिया अशोका’ असे अपभ्रष्ट रूप आजही दिसते. पुढे कित्येक दशके आपल्या अशोकाला ‘साराका इंडिका’ म्हणत. पण ते नाव मुळात आग्नेय आशियातल्या एका वेगळ्या झाडाचे आहे हे १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्पष्ट झाले आणि आपल्या झाडाला ‘साराका असोका’ हे नाव मिळाले. म्हणजे घोटाळे सामान्य माणूसच करतो असे नाही, विद्वानही करतात. फरक एवढाच की त्यांच्याकडे घोटाळा निस्तरण्याची रीत असते.

आमच्या होमिओपॅथीचे जनक हानेमान हे स्वतः औषधनिर्मितीचे जाणकार होते. ‘ऑर्गनॉन’च्या ११९व्या परिच्छेदात ते म्हणतात की प्रत्येक वनस्पती रूपाने, वाढीने, चवीने, वासाने दुसरीपेक्षा निराळी असते आणि म्हणून तिचा परिणामही निराळाच असणार. एकीची जागा दुसरीला देता येत नाही. हा परिच्छेद मी परीक्षेसाठी पाठ केला होता. समजला तो त्या ताईंमुळे.

जात म्हणजे काय?

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. प्रथम शब्दाचा खुलासा करतो, कारण भोपाळच्या मराठी घरात तो आवश्यक आहे. आपली मुले-नातवंडे हिंदी पुस्तकांत ‘प्रजाति’ शिकतात, तेव्हा त्याचा अर्थ मराठी विश्वकोशातली ‘जाती’ असा असतो. मराठीत मात्र काही लेखक ‘प्रजाती’ हा शब्द वरच्या गटासाठी, म्हणजे वंशासाठी वापरतात. एकाच घरात आजोबा आणि नात एकाच शब्दाने दोन गोष्टी बोलतात. मी आज ‘जात’ आणि ‘वंश’ हे दोनच शब्द वापरणार आहे. वंश म्हणजे आडनाव, जात म्हणजे नाव. बॉहिनिया हे आडनाव, रेसिमोजा हे नाव. ही दोन शब्दांची पद्धत वनस्पतींसाठी स्वीडनच्या लिनियसने १७५३ साली रूढ केली. आणि ओघातच सांगतो, माणसांच्या ज्यांना आपण जाती म्हणतो, त्या या अर्थाने जाती नाहीतच. आपण सगळे मिळून एकच जात आहोत.

जात ओळखण्याची पहिली कसोटी साहजिकच दिसण्याची. सारखे दिसते ते एका जातीचे. पण ही कसोटी दोन्हीकडून फसवते. भाजीबाजारात पाहा. पानकोबी, फुलकोबी आणि गाठकोबी ही तीन भावंडे दिसायला किती वेगळी! एकाची पाने खातो, एकाचे फूल, एकाचे खोड. तरी तिन्ही एकाच जातीची आहेत, माणसाने निवडून निवडून केलेले वाण आहेत. उलट गव्हाकडे पाहा. सिहोरचा शरबती आणि मालव्यातला कठिया दोन्ही ‘गहू’च. पण कठियाच्या पेशीत २८ गुणसूत्रे, शरबतीच्या पेशीत ४२. त्या दोन वेगळ्या जाती आहेत. शरबती आणि लोकवन हे मात्र एकाच जातीचे दोन वाण. आपल्या गृहिणींना पोळीला कोणता आणि बाटी-लाडवाला कोणता हे हाताला कळते. त्या कळण्यामागे चौदा गुणसूत्रांचा फरक आहे.

दुसरी कसोटी बीजाची. इंग्लंडच्या जॉन रे या अभ्यासकाने १६८६ साली असे मांडले की एकाच झाडाच्या बियांपासून जी रोपे होतात त्यांत लहानमोठे फरक दिसले तरी ती एकाच जातीची समजावीत. आपल्याकडे ‘खाण तशी माती’ म्हणतात, त्याच जातीचा हा विचार. १९४२ साली अर्न्स्ट मायर या जीवशास्त्रज्ञाने तो अधिक नेमका केला: जे जीव निसर्गात आपसांत संकर करू शकतात ते एका जातीचे. ज्यांच्या दोन गटांत तसा संबंध होत नाही, त्या दोन जाती. म्हणजे जात ही साच्यासारखी नसून कुटुंबासारखी आहे. ती दिसण्यावर ठरत नाही, सोयरिकीवर ठरते.

हे मला आमच्या घरातल्या एका नियमामुळे चांगले समजले. आमचे घराणे कारंजा लाडचे. वडील नागपूरच्या सचिवालयात होते. १ नोव्हेंबर १९५६ला नवा मध्य प्रदेश झाला आणि आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांप्रमाणे तेही भोपाळला आले. तात्या टोपे नगरच्या सरकारी क्वार्टरमागे एक मोठा उंबर होता. फळे लालबुंद, पण आई आम्हाला हात लावू देत नसे. आमच्या श्रावकाचारात ‘पाच उदुंबर’ वर्ज्य आहेत: वड, पिंपळ, उंबर, पाकर आणि कठूमर. कठूमर म्हणजे अंजीर असे काही जण मानतात, काळा उंबर असे काही. लहानपणी मी विचारले, “ही पाच वेगवेगळी झाडे, मग एका यादीत का?” आईने एक उंबर उकलून दाखवले. आत इवल्या माश्या वळवळत होत्या. “म्हणून,” ती म्हणाली.

कॉलेजात गेल्यावर कळले की ती पाचही झाडे वनस्पतिशास्त्रात एकाच वंशाची, ‘फायकस’ची आहेत. सगळ्यांना चीक, आणि सगळ्यांची फुले फळासारख्या दिसणाऱ्या बंद पिशवीच्या आत. ज्यांनी ती यादी केली त्यांनी सूक्ष्मदर्शकाशिवाय वंश बरोबर ओळखला होता. आणि ज्या कीटकांमुळे ती फळे वर्ज्य ठरली, तेच त्यांची जात राखतात! वडाची फुले बंद पिशवीत असल्याने वारा किंवा मधमाशी तिथे पोहोचत नाही. एक अगदी बारीक गांधीलमाशीच त्या पिशवीच्या तोंडातून आत शिरते, परागण करते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिची पुढली पिढी पराग घेऊन दुसऱ्या वडाकडे जाते. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची वेगळी. वडाच्या पारावरच पिंपळ उगवलेला आपण नेहमी पाहतो. दोघांच्या फांद्या एकमेकांत गुंतलेल्या, मुळे एकमेकांना विळखा घातलेली, तरी त्यांची सोयरीक जुळत नाही, कारण प्रत्येकाचा मध्यस्थ आपल्याच घरी जातो. या नियमाला काही अपवाद सापडले आहेत, पण मोठ्या प्रमाणात तो खरा आहे. मायरची व्याख्या पुस्तकात वाचण्यापेक्षा वडाच्या पाराखाली बसून लवकर कळते.

संकराचे एक फूल

आता पुन्हा कांचनाकडे येऊ. कांचन फुलतो वसंतात, देवकांचन शरदात. म्हणजे दोघांची लग्नसराई वेगवेगळ्या ऋतूंत. पण कधी एखादे झाड वेळ चुकवते. साधारण १८८०च्या सुमारास हाँगकाँगमध्ये फ्रेंच मिशनऱ्यांना एक अनोखे कांचन सापडले: मोठी, गडद किरमिजी, सुगंधी फुले, हिवाळाभर टिकणारा बहर. १९०८ साली त्याला नवी जात म्हणून ‘बॉहिनिया ब्लेकियाना’ हे नाव मिळाले, हाँगकाँगचे माजी गव्हर्नर हेन्री ब्लेक यांच्यावरून. ते त्या शहराचे मानचिन्ह झाले. १९९७पासून हाँगकाँगच्या ध्वजावर जे पाच पाकळ्यांचे पांढरे फूल आहे ते त्याचेच.

पण या झाडाला बी धरत नाही. कलमे करून करूनच ते जगभर पोहोचले. शोभेचे झाड म्हणून आपल्या देशातल्या बागांतही ते लावतात. पुढे २००५ साली जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले की ते देवकांचन आणि कांचन यांचा संकर आहे. ज्याला नवी जात म्हणून नाव दिले, ती जात नव्हतीच. घोडा आणि गाढव यांच्यापासून झालेल्या खेचरासारखे ते एक वंध्य झाड होते, आणि माणसाला त्याचे फूल आवडले म्हणून ते टिकले.

या एका फुलात सगळा विषय आहे. दिसण्याची कसोटी लावली तर ती वेगळी जात. बीजाची कसोटी लावली तर जातच नव्हे. आणि त्याच वेळी ते हेही सांगते की कांचन आणि देवकांचन यांच्यातली भिंत पक्की आहे. संकर झाला, पण वंश पुढे चालला नाही.

तरीही सर्व ठिकाणी भिंत इतकी पक्की नसते. डार्विनने १८५९ साली दाखवून दिले की एका जातीतून दुसरी जात हळूहळू घडते. ज्या अर्थी ती घडते, त्या अर्थी काही झाडे आज त्या वाटेवर मध्येच उभी असणार. तिथे दोन तज्ज्ञांची दोन मते असतात आणि दोघेही अप्रामाणिक नसतात. ‘अजून मतभेद आहे’ हे उत्तर ऐकून आपण चिडू नये. ते बहुधा सर्वात खरे उत्तर असते.

भाजीच्या जुडीतला धोका

कोणी म्हणेल, डॉक्टरसाहेब, हे सारे विद्वानांचे खेळ, आमच्या स्वयंपाकघराचा काय संबंध? म्हणून शेवटचे उदाहरण टाकळ्याचे. पहिल्या पावसानंतर आपण ज्याची कोवळी भाजी करतो, इथले लोक ज्याला पुवाड किंवा चकवड म्हणतात, तो टाकळा. त्याच्या पानाला दलांच्या बहुधा तीनच जोड्या, टोकाला गोलसर. शेंग लांब, बारीक, विळ्यासारखी वाकलेली.

त्याच ओसाड जागी, त्याच पावसात, तशाच पिवळ्या फुलांचा त्याचा एक चुलतभाऊ उगवतो, कसौंदी. दोघांचाही वंश एकच, ‘सेन्ना’. कसौंदीच्या दलांच्या चार-सहा जोड्या, दले टोकदार, चुरगाळल्यास घाण वास. शेंग चपटी आणि आखूड. पश्चिम उत्तर प्रदेशात अनेक वर्षे पावसाळ्यानंतर लहान मुले अचानक बेशुद्ध होऊन दगावत. मेंदूज्वराचा विषाणू म्हणून शोध चालू होता. २००७च्या सुमारास तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की मुले खेळताना कसौंदीच्या शेंगांतील बिया खात होती आणि ते विष यकृत, स्नायू आणि मेंदूवर घाला घालत होते. विषाणू नव्हता, एक झाड होते. ते प्रत्येकाच्या घरामागे उभे होते आणि कोणी त्याच्याकडे पाहिले नव्हते.

त्यातही सूक्ष्म भेद आहे. ज्याला आपण टाकळा म्हणतो, त्यातही दोन जाती आहेत, टोरा आणि ऑब्ट्युसिफोलिया. त्या इतक्या सारख्या की अनेक वनस्पतितज्ज्ञांनी त्यांना एकच मानले होते. बीवरचा फिकट पट्टा टोरात रुंद, दुसऱ्यात अरुंद, आणि टोराच्या शेंगेचा देठ आखूड. आपल्या भाजीला या भेदाने फरक पडत नाही. कसौंदी आणि टाकळा यांतला भेद मात्र जीवन-मरणाचा आहे. कोणता भेद कुठे महत्त्वाचा हे कळणे, हाच खरा व्यवहार.

म्हणून माझी चार साधी पथ्ये सांगतो. एक, झाड एका खुणेवर ओळखू नये, किमान तीन खुणा जुळवाव्यात: पान, फूल किंवा फळ, आणि साल, वास वा चीक. अनोळखी झाडाची चव मात्र कधीही घेऊ नये. दोन, वर्षातून निदान दोन ऋतूंत त्याला भेटावे. झाड आपली ओळख एका दिवसात देत नाही. तीन, लोकांतले नाव जरूर विचारावे, पण त्यावर थांबू नये. ‘कोणता अशोक’, ‘कोणता कांचन’ हे विचारावे. चार, औषध किंवा अन्न म्हणून वापरण्याआधी जाणकाराला फुला-फळासह डहाळी दाखवावी. आजार अंगावर काढून झाडपाला करत बसू नये. आणि माझ्या व्यवसायबंधूंसाठी पाचवे: रांग कितीही मोठी असो, ‘चालेल’ म्हणण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत.

आता आपल्या अंगणातल्या कांचनाचे काय? तो तोडावा असे कोणी सुचवले होते. मी विरोध केला. त्याची काही चूक नाही. चूक आपल्या नजरेची होती. तो राहू द्यावा, वसंतात काकूंना कळ्या द्याव्यात. गेल्या हिवाळ्यात मी केरवाच्या बाजूच्या एका खऱ्या आपट्याच्या वाळक्या शेंगा आणल्या. बिया कोमट पाण्यात भिजवून पिशव्यांत लावल्या. त्यातली सहा रोपे तग धरून आहेत. पाने अजून लहान आहेत, पण जाड आहेत आणि खाली राखाडी लव आहे. मी भिंगाने पाहिली. पक्की खात्री मात्र काही वर्षांनी, एखाद्या उन्हाळ्यात, बारीक फिकट फुले येतील आणि त्यांतले दहा पुंकेसर कोणीतरी मोजेल तेव्हाच होईल. तोपर्यंत मी असलो तर मोजीन. नसलो तर आज समोर बसलेल्या मुलांपैकी कोणी मोजावेत.

येत्या दसऱ्याला या रोपांची पाने कृपया तोडू नका. त्यांना वाढू द्या. सोने म्हणून एकमेकांना एकेक पान द्यायचे, तर ते कोणत्या झाडाचे आहे हे सांगून द्या. कांचनाचे असेल तर ‘हे कांचन आहे’ म्हणून द्या. शुभेच्छा तेवढ्याच पोहोचतील.